नवसाचं केळं

सरकारी परीक्षेत मी चौथ्यांदा आपटलो, तेव्हा आईने मारुतीला नवस बोलला. पोराला नोकरी लागली की माकडाला माझ्या हाताने केळं चारीन, तोवर गोड तोंडात घालणार नाही. पुढच्या खेपेला मी सोलापुरात कारकून झालो. गल्लीभर पेढे वाटले, आईने एकही खाल्ला नाही. एरवी टेंभुर्णीच्या आमच्या रानात उच्छाद मांडणारी माकडं नेमकी तेव्हापासून फिरकेनात. आई महिनोन्‌महिने बिनसाखरेचा चहा पीत राहिली आणि मला पगाराच्या दिवशीही अपराधी वाटायचं.

शेवटी एका रविवारी मी तिला सोलापूरच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. केळी तिने पिशवीत घेतलीच होती.

आई चौथी शिकलेली, पण पाटी दिसली की मोठ्याने वाचल्याशिवाय पाऊल उचलत नाही. त्यामुळे पक्ष्यांपाशीच तास गेला. मोराची पाटी वाचून म्हणाली, "एवडं मला ठावं हाय." बगळ्यांपुढे तर तिने कपाळाला हात लावला. "आरं, ही आपल्या उसात फुकट हिंडत्यात की! ह्यास्नी बगाया तिकीट काढलंस व्हय?" पोपटांना मात्र तिने कणसांच्या नासाडीबद्दल जाळीतूनच झापलं.

माकडांपाशी तिने पिशवीतून केळं काढलं, तोच राखणदार धावत आला.

"मावशी, भायेरचं खायाला द्यायचं न्हाय. आजारी पडत्यात. माजी नोकरी जाईल."

आईने त्याला सगळा नवस सांगितला. तो अवघडून उभा राहिला. आईनेच केळं परत पिशवीत टाकलं. "ऱ्हाऊ दे बाबा. माज्या लेकाच्या नोकरीपायी तुजी कशाला घालवू?"

तिचा चेहरा एवढासा झाला. मग सवयीने ती पाटीकडे वळली आणि एकेक अक्षर लावत वाचू लागली. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. माणूसही याच गणातला प्राणी आहे.

"हे खरं हाय का रं?" तिने राखणदाराला विचारलं.

"सायबांनी लिवून घेतलंय म्हंजी खरंच आसंल की."

आईने केळं सोललं आणि माझ्यापुढे धरलं. "आ कर."

"आई, लोक बघताहेत."

"बगू देत. आ कर म्हनलं की!"

लोक खरोखरच पिंजऱ्याकडे पाठ करून आमच्याकडे बघत होते. आतली माकडंही जाळीला हात लावून माझ्याकडेच बघत होती. माझे कान तापले, पण मी तोंड उघडलं. शेवटचा घास गिळेपर्यंत ती हलली नाही. मग पदराने माझी हनुवटी पुसून तिने डोळे मिटले, हात जोडले. राखणदार हसू दाबत बाजूला झाला.

फाटकाबाहेर तिने स्वतःहून कुल्फी मागितली. ती संपवून दुसरी घेतली आणि काही न विचारणाऱ्या कुल्फीवाल्याला म्हणाली, "माजं पोरगं सरकारी नोकरीत हाय." इतक्या महिन्यांत हे तिने एकदाही असं मिरवून सांगितलं नव्हतं.