इंटिग्रेशनला लागलेली कात्री

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण तिच्यात माझ्याशिवाय कुणाचीच चूक नाही.

इंजिनिअरिंगची सीईटी तेव्हा नवीन होती. आमच्या सुनीताला औरंगाबादच्या सरकारी कॉलेजात जायचं होतं आणि सगळी मदार गणितावर होती. तिनं जालन्याहून जाडजूड प्रश्नसंग्रह आणला. मी मंठ्याच्या शाळेत गणित शिकवायचो. (आठवीला. हे ध्यानात असू द्या.) पुस्तक उघडून पाहतो तर प्रत्येक प्रश्नाखाली चार-चार उत्तरं छापलेली!

"हे गणित हाय का लॉटरी?" मी बायकोला विचारलं.

"पेपरच तसा असतोय म्हणं. तुमी नका लक्ष घालू."

मी लक्ष घातलं. सुनीता क्लासला गेल्ती. मी शिवणाची कात्री घेतली आणि उत्तरांच्या पट्ट्या सफाईनं कापून काढल्या. आता पोरगी स्वतःचं डोकं चालवील, या आनंदात अर्धं पुस्तक उरकलं.

सुनीतानं येऊन पान उलटलं. "अण्णा, मागचे इंटिग्रेशनचे प्रश्न कुठं गेले?"

कागदाला मागची बाजू असते, हे मला तेव्हा कळलं. पानाला पडलेल्या खिडक्यांतून भाकरी थापणारी बायको स्वच्छ दिसत होती. पण चूक कबूल केली तर मास्तरकी जाते.

"ते यंदा न्हाई," मी म्हणालो.

"इंटिग्रेशन न्हाई? बिलकुल?"

"बिलकुल. मी सांगून राह्यलो ना!"

"बोर्डानं काढलं का तुमी?" बायकोनं भाकरी उलटत विचारलं.

थोड्या दिवसांनी सुनीता म्हणाली, "मैत्रिणी म्हणतेत, इंटिग्रेशन हाय." मंग मी गुपचूप भाताची खळ करून पट्ट्या परत चिकटवायला बसलो. पण सगळ्या पट्ट्यांवर शून्य, एक, दोन, यांपैकी नाही! कुठली पट्टी कुठल्या प्रश्नाची हे कळायला आधी प्रश्न सुटायला हवा, आणि इंटिग्रेशनची ती लांबुळकी खूण मला मासे धरायच्या गळासारखी दिसायची. (आठवीला ती नसते.) जिथं जागा दिसली तिथं पट्टी लावून दिली.

"हे परत आलं?"

"बोर्डानं परत घेतलं."

पोरगी बिचारी रात्रंदिवस सोडवायची आणि रडकुंडीला यायची. "अण्णा, माझं एकबी उत्तर जुळंना."

"घाई करती तू," मी म्हणायचो.

परीक्षेत बराबर केलेली उत्तरंसुद्धा तिनं भीतीनं खोडून बदलली. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. यादी पाहून आली आणि माझ्याजवळ बसून म्हणाली, "तुमी एवढं केलं अण्णा, मीच कमी पडले."

आणि मी तिला मोठ्या मनानं माफ केलं!

दुसऱ्या एका कॉलेजातून ती इंजिनिअर झाली, आता पुण्यात असते. आज सांगूनच टाकायचं, असं ठरवून मी दर रविवारी फोन लावतो.

"बोला अण्णा."

मी घसा साफ करतो. "बाई, ते..."

"काय ते?"

"तिकडं पाऊस हाय का?"

हे मी भर मे महिन्यातसुद्धा विचारतो. पुण्याच्या पावसाची इतकी चौकशी हवामान खात्यानंही केली नसेल.