दोन नोकऱ्या आणि एक पाना

बेचाळिसाव्या वर्षी आपल्याला कुणी मागणी घालेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे नोकरीसाठी. सोळा वर्षं मी इमारतींच्या खांब-तुळयांची गणितं करत आले होते, त्यातली अकरा बंगळुरात, एकाच ऑफिसात. आणि त्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत एका मोठ्या सल्लागार कंपनीचं ऑफर लेटर आलं, चहाच्या वेळी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या मालकीणबाईंचा फोन. त्यांच्याकडे पोलादी शेड बनत. "शुक्रवारी आमचं काम बघून जा. आवडलं तर जागा तुमचीच," त्या म्हणाल्या.

बनशंकरीला घरी पोचेपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि भाताचा गिचका झाला. नवऱ्याने तो मुकाट्याने खाल्ला आणि म्हणाला, "एवढी खूश आहेस तर दोन्ही घे. सकाळी एक, दुपारनंतर दुसरी."

खरं तर मनात मोठी कंपनीच होती. काचेचं ऑफिस, उंच इमारती, माझ्या हाताखाली आठ माणसं. त्यांना शुक्रवारी पाचपर्यंत उत्तर हवं होतं. कारखान्याला नाही म्हणायचं तर निदान बघून म्हणावं, म्हणून त्या दिवशी सकाळी पीण्याला गेले.

मालकीणबाई साठीच्या, केस आखूड कापलेले. त्यांनी मला सरळ शेडमध्ये नेलं, हातात खडू दिला आणि खांबाला तुळई कशी जोडाल ते जमिनीवर काढायला सांगितलं. मी झरझर काढलं. बोल्ट किती, कुठे, सगळं तोंडपाठ. पिकल्या मिशांचे फोरमन वाकून बघत होते. हिंदीत म्हणाले, "मॅडम, सब ठीक है. लेकिन पाना किधर से जाएगा?"

मला कळेना. त्यांनी भंगारातून तसेच दोन तुकडे आणले, मी काढलं होतं तिथेच बोल्ट बसवला आणि पाना माझ्या हातात दिला. मी फिरवायला गेले. बोटभर फिरला आणि खण्णकन खांबावर आपटला. दुसऱ्या बाजूने घातला, तर आतच जाईना. सोळा वर्षांत हजारो बोल्ट मी कागदावर बसवले होते. एकही हाताने आवळला नव्हता.

क्षणभर कान तापले. मग मला हसूच फुटलं, थांबेना. फोरमनही हसायला लागले.

"हे सगळं तुम्ही मला शिकवाल?" मी विचारलं.

"स्वल्प टाइम लगेगा," ते म्हणाले.

"मग मी कामाला येते," असं मी मालकीणबाईंना म्हणून टाकलं. पगारही विचारला नव्हता. तो त्यांनीच सांगितला, मोठ्या कंपनीपेक्षा कमीच, तरी मला तो गाण्यासारखा ऐकू आला.

परतताना मेट्रोतूनच मोठ्या कंपनीला फोन केला. नकार देताना माझा आवाज इतका आनंदी होता की पलीकडच्या मुलीला वाटलं मी होच म्हणतेय. तिला तीनदा 'नाही' सांगावं लागलं.

मग एकदम काहीतरी सुचलं आणि मी चिकपेटला उतरले. हार्डवेअरच्या गल्लीत बोटांवर लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज मागितले.

"यारिगे?" दुकानदाराने विचारलं. कुणासाठी?

"ननगे." माझ्यासाठी!

माझ्या मापाचा जोड त्याला माळ्यावरून शोधून काढावा लागला. चपला पिशवीत टाकून मी ते तिथेच चढवले आणि चुडीदारावर धाड धाड करत घरी आले.

नवऱ्याने दार उघडलं, माझ्या पायांकडे बघितलं. "पीण्या?"

"पीण्या!" मी म्हटलं आणि दारातच अशा उड्या मारल्या की काय पडलं ते बघायला खालच्या मजल्यावरच्या अक्का वर आल्या.