धम्मशीला आणि शाळेचा काळा पडदा

धम्मशीला माझी विद्यार्थिनी, हे मी आजही चारचौघांत आवर्जून सांगते. ती माझ्यापेक्षा हुशार निघाली असं दुसरं कुणी म्हणालं, की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

ताडकळसला सोळा वर्षं माझा कॉम्प्युटर क्लास आहे. कॉम्प्युटर बिघडला की आमच्याकडे एकच औषध, फॉरमॅट मारायचा. जुनं सगळं पुसायचं, नव्यानं भरायचं. धम्मशीला टायपिंग शिकायला आली तेव्हाही तिचं तंत्र वेगळंच. पडद्यावर चूक दाखवणारी ओळ आली की बाकीच्या पोरी घाबरून ओके दाबायच्या. ही ती ओळ वहीत उतरवून घ्यायची. मी तिला हसायचे. आता ती ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहे, आणि गावात कुणाचंही यंत्र रुसलं की फोन तिला जातो. मला नाही.

परवा शाळेचा कॉम्प्युटर अडला. त्यावर विंडोजच्या जागी फुकट मिळणारी लिनक्स आहे. मुलांनी काढलेले गावाचे नकाशे उघडायला गेलं की पडदा काळा. सोमवारी तेच नकाशे परभणीच्या प्रदर्शनात मांडायचे होते. हेडमास्तर दत्तराव सरांनी शुक्रवारी धम्मशीलेला बोलावलं. तिनं यंत्र पाहिलं आणि म्हणाली, उद्या दुपारी निवांत बसते. हे कळलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

शनिवारी सकाळीच मी शाळा गाठली. सर बाहेरगावी होते. शिपाई कमलबाईंनी खोली उघडून दिली. मी सवयीनं फॉरमॅट मारला. तासाभरानं नवी लिनक्स सुरू झाली आणि मग डोक्यात उजेड पडला, की बत्तीस पोरांचे नकाशे मी पुसून टाकलेत. एक साधं चित्र उघडून पाहिलं, तर पडदा पुन्हा काळा.

मी तशीच बसून राहिले. दुपारी धम्मशीला आली.

"काय झालं, मॅडम?"

"फॉरमॅट मारला गं. नकाशे गेले."

"न्हाई गेले. कालच पेनड्राइव्हवर घेतलेत मी. तुमी बसा."

तिनं तीन बटणं एकदम दाबली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. यंत्र कोलमडताना आपणच नोंद करून ठेवतं. ती नोंद ती ओळीनं वाचत गेली. मी सोळा वर्षांत एकदाही वाचली नव्हती.

"पडद्याचं कार्ड जुनं हाय, मॅडम, आन् ते चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, लय नवा. फॉरमॅट मारला तरी त्योच परत यायलाय."

तिनं नवा ड्रायव्हर काढला, जुना बसवला, आणि तो आपोआप बदलणार नाही अशी सोय केली. नकाशे एकेक करून उघडले. मला हायसं वाटलं, आणि तिचं तोंडही बघू नये असं वाटलं. खरं तेच सांगते.

तेवढ्यात सरांचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"झालं का? कमलबाई म्हणाल्या, मॅडमही आल्यात. कुणी केलं?"

"मॅडमनी केलं, सर. मी नुसते नकाशे घेऊन आले."

मी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

सोमवारी प्रदर्शनात सरांनी मला शाल-श्रीफळ दिलं. मी घेतलं. समोर धम्मशीला मनापासून टाळ्या वाजवत होती. तिचा इतका हेवा मला आजवर कधी वाटला नव्हता.