खुर्चीतला मागूर

आमचे हे घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून दुकानात बसतात आणि सुट्टीच्या दिवशी तळ्यावर मागूर मासे धरतात. मिशा दोघांनाही आहेत आणि स्वभावही सारखाच, जरा काही झालं की आडोशाला पळायचं.

मागूर उघड्या पाण्यात राहत नाही, हे मला ह्यांनीच शिकवलं. त्याला बुडालेलं खोड लागतं, कपार लागते, डोक्यावर काहीतरी लागतं. तळ्यात खोडं कमी, म्हणून हे घरातलं मोडकं सामान नेऊन बुडवतात. आधी जुनी ट्रंक गेली, मग कपाटाचं दार, मग माझं कपडे वाळत घालायचं स्टँड. घरी पाहुण्यांना बसायला स्टूल आणि तळ्यात माशांना दिवाणखाना. मी बोलून बोलून थकले.

मग एक दिवस वेताची खुर्ची दिसेना. माझे बाबा तिच्यात बसायचे, ते गेल्यावर आईने मला दिली होती. हे म्हणाले, "वीण सैल झाली होती, विणायला दिलीय." रविवारी आई राहायला येणार होती. फोनवर तिने एकच विचारलं, "खुर्ची बरी आहे ना गं?"

कोणाकडे दिली विचारलं की हे बाथरूममध्ये. पुन्हा विचारलं की पेपराआड. तीन दिवस हाच खेळ. मग ह्यांचंच शिक्षण आठवलं. आडोशात हात घालायचा नाही, आमिष तोंडाशी ठेवून गप्प बसायचं. आणि लागला की ढील द्यायची नाही, एकदा आत शिरला की गेलाच.

शनिवारी हे बाथरूममध्ये गेले. मी दाराबाहेर स्टुलावर आल्याचा चहा ठेवला. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं, आधी मिशा बाहेर आल्या, मग हे. कप ओठाला लागला तशी मी मागून जाऊन दाराला बाहेरून कडी घातली.

"खुर्ची कोणाकडे आहे?"

ह्यांनी कडीकडे पाहिलं, चहाकडे पाहिलं.

"मागुराकडे."

रविवारी उजाडताच शेजाऱ्यांचा, विहिरीतली बादली काढायचा गळ घेऊन तळं गाठलं. चौथ्या खेपेला खुर्ची लागली. हे दोर ओढत होते, मी ह्यांच्या कमरेला धरून ओढत होते आणि तोंडाने सात पिढ्यांचा उद्धार चालू होता. खुर्ची वर आली, तर तिच्यात हातभर मागूर ऐसपैस बसलेला. एवढा मासा ह्यांना दहा वर्षांत मिळाला नव्हता. एक हात सोडला असता तर धरता आला असता. ह्यांनी सोडला नाही. मासा शेपूट मारून गेला, हे त्याच्याकडे बघत खुर्ची ओढत राहिले. माझा राग निम्मा तिथेच उतरला. सगळा नाही.

आई आली तेव्हा खुर्ची घासूनपुसून उन्हात ठेवली होती. आई बसली, खुर्चीच्या हातावरून हात फिरवला आणि थांबली.

"अगं, हिला मासळीचा वास कसा?"

हे हळूच उठून बाथरूमच्या दिशेने सरकू लागले.

"तुझे बाबाही असेच," आई म्हणाली. "काही विचारलं की या खुर्चीत, पेपराआड. चाळीस वर्षांत एक गोष्ट धड सांगितली नाही. आता विचारायलाही कोणी नाही." तिचे डोळे भरले. मग तिने जावयाच्या पाठीकडे पाहिलं.

"बाथरूमला बाहेरून कडी आहे ना? पळ, ते पोचायच्या आत लाव."