साच्यात अडकणारी मूठ

परवा एका कारखान्यात तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला आणि मी मनाने भोरमधल्या रशीदचाचांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन पोचले. तेव्हा नोकरीला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. फवारणी पंपाची मूठ हे माझं पहिलं डिझाइन. चाचा तिचा साचा बनवणार होते आणि दुपारी पोलाद कापायला घेणार होते.

त्यांनी ड्रॉइंगवरून सावकाश बोट फिरवलं. "ताई, मुठीच्या ह्या भिंती सरळ उभ्या हायेत. जरा उतार न्हाई दिला, तर मूठ साच्यातच अडकून बसंल."

कंपनीतल्या साहेबांना ड्रॉइंग बरोबर आहे असं मीच ठासून सांगितलं होतं.

"आता काय करू?"

"फोन करा. अजून नुसता कागद हाय. पोलाद कापल्यावर रडून उपेग न्हाई."

मी साहेबांना फोन लावून अडखळत सगळं सांगितलं. मग साहेब म्हणाले, "चाचांना फोन दे." ते दोघं बोलत राहिले आणि मी दारात उभी राहून, नोकरी गेल्याचं घरी कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होते.

नोकरी टिकली. पण माझी चूक उघडी पाडली म्हणून चाचांवरचा माझा राग कितीतरी दिवस गेला नाही. आता इतरांची ड्रॉइंग तपासताना कळतं, त्या दिवशी गप्प बसून ड्रॉइंगप्रमाणे साचा कापून देणं त्यांना किती सोपं होतं.