अण्णांच्या ओट्यामागची पांढरी काच

काच चिकटवायच्या सिलिकॉनची गन हातात धरून मी अण्णांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गुडघे टेकून बसलो होतो आणि समोरची पांढरी काच हिरवट दिसत होती. हिरवीगार नव्हे. दुधी भोपळ्याच्या गरासारखी. पण ज्याला नको त्याला तेवढंही पुरतं, आणि अण्णांना तर हिरवा अजिबात नको होता.

अण्णा खालीच उभे होते. दिंद्रुडला त्यांची आडत, जोडीला खत-बियाणांचं दुकान, आणि यंदा झेडपीला उभं राहायची जय्यत तयारी. दीड-दोन तासांत पक्षाचे निरीक्षक जेवायला येणार होते. तिकीट कुणाला द्यायचं ते म्हणे हेच वर कळवणार होते.

"काचवाले," अण्णा म्हणाले, "हे हिरवं कावून दिसायलंय?"

मी म्हणालो, उजेडाचा फरक असेल. साफ खोटं. तरी ट्यूब लावून पाहिली, बंद करून पाहिली. खिडकीचं दार लोटलं, उघडलं. काच काही ऐकेना.

आता हे पांढऱ्याचं प्रकरण कसं झालं ते सांगतो. माझं माजलगावला काचेचं दुकान. खिडक्यांची तावदानं, तसबिरींच्या फ्रेमा, जनरल स्टोअर्सची शोकेस, हेच माझं काम. तेव्हा नव्या घरात ओट्यामागं चार बाय चारच्या टाइल्स लागायच्या. त्यांच्या फटींत हळद आणि तेल जाऊन बसायचं, मग घासत बसा. पुण्यात मी पाहून आलतो की सबंध ओट्यामागं एकच काच लावतात आणि तिला मागच्या अंगानं रंग मारतात. फट नाही, पुसलं की साफ. गॅसच्या आचेला साधी काच तडकते म्हणून ती टफन करून आणायची. टफन म्हणजे भट्टीत तापवून झटकन गार करणं. त्यानंतर ती कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही, म्हणून माप एकदाच आणि बरोबर घ्यावं लागतं. नुकतीच घरोघर केबल आली होती, तिच्यावर असली स्वयंपाकघरं दिसायची. अण्णांच्या घरी ती पाहून झाली होती. आमच्या भागातलं हे माझं पहिलंच काम.

मी वेगवेगळे रंग मारलेले काचेचे आठ तुकडे घेऊन गेलो. अण्णांच्या मंडळी, सगळे त्यांना काकू म्हणायचे, त्यांनी ते तुकडे गॅसमागं ओळीनं उभे केले, कढईत तेल तापवलं आणि सरळ फोडणी दिली. मोहरी तडतडून तुकड्यांवर उडाली. मग ओल्या फडक्यानं एकेक पुसून पाहिला. नखानं खरवडून बघणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात, फोडणी देऊन बघणारी ही पहिलीच. त्यांनी डाळिंबी तुकडा बाजूला काढला. म्हणाल्या, वीस वर्षं काळ्या भिंतीकडं तोंड करून भाकरी थापल्यात, आता मला हा रंग पायजे. दुसरं काहीच मागत न्हाई. बोलताना बाईचा चेहरा असा खुलला होता की मलाच बरं वाटलं.

संध्याकाळी अण्णा आले आणि तुकडा पाहून चपापले. लाल म्हणजे ऊसतोड मजुरांच्या युनियनचा लाल बावटा. ऊसतोडीचे मुकादम आधीच बिथरलेले, त्यात हे. आणि ओटा हॉलमधून दिसणार, कारण चहा द्यायला मधल्या भिंतीत नवी फॅशन म्हणून खिडकी ठेवलेली. मी म्हणालो, मग केशरी घ्या. त्यावर म्हणाले, पलीकडच्या पक्षात गेले म्हणतेल. निळा? तोही कुणाचा तरी होता. पिवळ्याचंही तेच. हिरव्याचं नाव काढू नका म्हणाले. खरी गोम वेगळीच होती. अण्णांनी दोन पक्षांकडं अर्ज टाकले होते. कोण तिकीट देईल ते त्यांनाच ठाऊक नव्हतं, म्हणून भिंत कुणाचीच नको होती.

रंग ठरेना म्हणून मी पाच वेळा दिंद्रुडला गेलो. दर खेपेला नवी अडचण. रात्री झोपेत मला शेडकार्ड दिसायला लागलं. पाचव्या खेपेला अण्णा म्हणाले, पांढरा मारा, पांढऱ्यावर कोण काय बोलंल.

इथं मी बोलायला पाहिजे होतं. साध्या काचेच्या अंगातच हिरवी झाक असते. पातळ तुकड्यात ती कळत नाही. जाड काचेमागं पांढरा मारला की वर येते, डाळिंबीसारख्या गडद रंगात बुडून जाते. पुण्याच्या डीलरनं मला हे बजावून सांगितलं होतं. अण्णा, पांढरा पांढरा राहत नाही, काकूंचाच रंग बरोबर आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं तर सहावी खेप. मी म्हणालो, चालेल अण्णा, पांढरा शोभून दिसेल. काकू आतून ऐकत होत्या.

काच पुण्याहून आली. दुकानात पालथी घालून रंग मारला, वाळवली, गोणपाटात बांधून नेली. समोरून नीट पाहिलीच नाही. पाहायची छाती झाली नाही म्हणा ना.

आणि आता अण्णा म्हणत होते, काच काढा. मागचं सिलिकॉन सकाळपासून धरलेलं, मी नुसत्या कडा भरत होतो. ओढली असती तर काचेचा चुरा झाला असता. मग म्हणाले, वर्तमानपत्र चिकटवा. गॅसमागं कागद? मग हॉलकडच्या खिडकीला चादर लावली. पुन्हा काढली, कारण चादरीमागं काय लपवलंय असं कुणी विचारलं तर. काकू तीन शेगड्यांवर तीन पातेली सांभाळत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "पंधरा माणसं जेवायची हायेत. जेवण पायजे का काच काढायची, एक काय ते सांगा." अण्णा बाहेर गेले.

निरीक्षक आले. खिडकीकडं पाठ करून सोफ्यावर बसले. जेवले, ठेच्याची तारीफ केली, हात पुसले आणि गाडीत बसून गेले. काचेकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिकीट साखर कारखान्याच्या एका संचालकाला गेलं. दुसऱ्या पक्षानंही अण्णांना विचारलं नाही.

पंधरवड्यानं अण्णांचा निरोप आला. मी गेलो तर माणूस पार उतरलेला. म्हणाले, ही काच फोडून काढा आणि हिला पायजे तो रंग लावा, आता मला कुणाचं भ्या न्हाई. मला हलकं वाटलं. मी टेप काढला आणि उत्साहात काकूंना सांगायला लागलो की नव्या काचेत ही झाक मुळीच दिसणार नाही, डाळिंबीत ती बुडून जाते.

काकूंनी गॅस बारीक केला. "राहू द्या ही," त्या म्हणाल्या. "आता लाल केली तर गाव म्हणंल, अण्णा लाल बावट्याकडं निघाले. त्यांचं लई हसं झालंय, आणखी नको." मग माझ्याकडं वळल्या. "डाळिंबीत दिसत न्हाई, हे तुमाला आता कळलं?"

मी म्हणालो, नाही, आधीपासून माहीत होतं.

"त्यांना इलेक्शनचं भ्या होतं. तुमाला कशाचं होतं, भाऊ?"

खरं सांगायचं तर कशाचंच नव्हतं. मला कंटाळा आला होता, बस. टेप खिशात घालून मी बाहेर आलो आणि स्टँडपर्यंत स्वतःलाच शिव्या घालत गेलो.

काकू पुढं कैक वर्षं त्या काचेसमोर स्वयंपाक करत होत्या. मी आता गिऱ्हाइकाला आधी काचेतली खोट सांगतो, मग रंगांची पेटी उघडतो. निम्मे लोक उठून टाइल्सवाल्याकडं जातात. जाऊ देतो.