मालन परबने मिळवलेलं गोदाम

गिरणीचा संप चिघळला, फिटर असलेला नवरा घरी बसला, तरी मुलुंडच्या मालन परबने रडगाणं गायलं नाही. शेजारच्या वस्तीतली सुंदराबाई भंगार वेचायची. एकदा तिने कचऱ्यात सापडलेला गळका स्टोव्ह आणला. मालनचा नवरा दत्ताराम त्याच्याशी थोडा वेळ झटला आणि स्टोव्ह झकास पेटला. मालनच्या डोक्यात तिथेच चक्र फिरलं.

मग सुंदराबाईसोबत भंगार वेचणाऱ्या बायका मोडकं आणू लागल्या, संपातले कारागीर दुरुस्त करू लागले आणि मालन विकू लागली. मंडईमागच्या पत्र्याच्या आडोशाला पंखे, खुर्च्या, सायकली उभ्या राहिल्या. धंदा बसतोय तोच पालिकेची गाडी आली आणि अतिक्रमण म्हणून सगळं उचलून घेऊन गेली.

सुंदराबाई मटकन खाली बसली. "वाट लागली गं, मालन."

"ऊठ आधी! ज्यांनी नेलं, त्यांच्याकडूनच जागा घेऊ."

मंडईजवळ पालिकेचं एक गोदाम बंद पडून होतं. ते द्या, वर छप्पर आणि आत नळ पालिकेच्या खर्चाने करा, अशी मागणी घेऊन मालन वॉर्ड ऑफिसात धडकली. साहेब म्हणाले, "समोरच्या सोसायटीची हरकत आहे. त्यांना चालत असेल तर बघू."

सोसायटीचे सेक्रेटरी मधुकर टिपणीस ऐकायलाच तयार नव्हते. "आमच्या दारात उकिरडा नको!"

"बरं काका. रविवारी फक्त खाली या."

रविवारी त्यांच्याच फाटकाबाहेर सतरंजी पसरून मालन ओरडू लागली, "मोडकं आणा, चालू करून न्या! आज फुकट!" बराच वेळ कुणी फिरकलं नाही. मग एक आजीबाई मिक्सर घेऊन आल्या. तो दुरुस्त होऊन घरघरला आणि जिन्यांवर पावलं वाजायला लागली. दुपारपर्यंत रांग रस्त्याच्या वळणाला लागली. शेवटी टिपणीसांची बायको शिलाई मशीन उचलून आली. मागून टिपणीस. दत्तारामने तेल घातलं, पट्टा बदलला. चाक गरगर फिरलं तशी बाई नवऱ्याकडे वळली, "अहो, आता तरी हरकत मागे घ्या!"

पालिकेच्या पुढच्या सभेत नगरसेवकांसमोर टिपणीसच उभे राहिले. "कचरा देवनारच्या कचराभूमीवर वाहून न्यायला पालिका खर्च करतेच ना? त्यातला थोडा इथे करा. हे केंद्र आम्हाला हवंय." पाठीमागे अख्खी सोसायटी टाळ्या वाजवत होती. खर्चाला मंजुरी मिळाली.

मंजुरीची बातमी ऐकून दत्तारामने हातातला पाना खाली ठेवला. "मालन, तां गोदाम खरांच आपला झाला?"

"झाला! कामाक लाग."

उद्घाटनाला नगरसेवक हार घालून आले. दाराची किल्ली मालनने सुंदराबाईच्या हातात दिली. चोर म्हणून फाटकाफाटकावरून हाकलली गेलेली ती बाई, तिने पालिकेचं कुलूप उघडलं, दार धाडकन ढकललं आणि मागे वळून हाक मारली, "या गं सगळ्या, आत या!" बायका पदर खोचून, हसत, एकमेकींना ढकलत आत शिरल्या.